बेळगावात बसून रॉक अल्बम कसा काढायचा, आणि त्यातलं कुठलं गाणं आधी सोडायचं

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत आमच्या मशीन शॉपमध्ये नवीन जॉब आला की पाचशे पीसांची ऑर्डर असली तरी आधी एकच पीस काढतात. तो इन्स्पेक्शनला जातो, तिथं त्याला मायक्रोमीटर लागतो, शेरा येतो, मशीनची सेटिंग (ऑफसेट) बदलतो, आणि मग बॅच लागते. मी हे वीस वर्षं करतोय. तरीपण आमच्या बँडचा पहिला अल्बम करायला घेतला तेव्हा ही अक्कल मी कंपनीच्या गेटवर ठेवून आलो. आम्ही आमचं सगळ्यात भारी गाणं सगळ्यात आधी रेकॉर्ड केलं, आणि त्याची वाट लावली.

म्हणून हे लिहायला बसलो. आमच्या भागात, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडं, गिटार घेऊन बसलेली पोरं पुष्कळ आहेत. गाणी आहेत, खरं अल्बम होत नाही. (आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात. पुढं ते येत राहील, सांभाळून घ्या.) आम्ही चौघं: मी बेसवर, एक बँकेत कॅशियर असलेला गिटारवाला, खानापुरात प्राथमिक शाळेत शिकवणारी माझी मामेबहीण गायला, आणि ड्रमवर आण्णा. आण्णाच्या घरात कन्नड, गाणी सगळी मराठी. त्यावरून चौघांत कधी भांडण झालं नाही. भांडणं झाली ती टेंपोवरून, म्हणजे गाण्याच्या वेगावरून.

गाणी आधी कमी करा

तेरा होती, आठ ठेवली, मिळून ३६ मिनिटं. एलपी रेकॉर्डच्या एका बाजूला चांगल्या आवाजात साधारण वीस-बावीस मिनिटं बसायची, त्यातून चाळीस मिनिटांच्या आसपासचा अल्बम ही सवय पडली. आता बाजूही नाही आणि सुईही नाही, खरं ऐकणाऱ्याचा धीर तेवढाच आहे, उलट कमीच.

गाणं ठेवायचं की काढायचं याची आमची एकच चाळणी होती. एक साधी गिटार आणि एक गळा, बाकी सगळे गप्प. तेवढ्यावर गाणं उभं राहिलं तर ठेवायचं. गिटारचा आवाज फाडणारं पेडल, म्हणजे डिस्टॉर्शन, चालू केल्यावरच जे बरं वाटतं त्यात गाणं नसतं, पेडल असतं. गिटारवाल्याची दोन गाणी यात गेली. आठवडाभर तो फोनला 'बोल की' एवढंच म्हणायचा.

उरलेल्या प्रत्येक गाण्याचा एक कागद करा. आम्ही त्याला प्रोसेस शीटच म्हणायचो. त्यावर टेंपो, पट्टी, कुठल्या भागाचे किती बार, कुठं कोण वाजवत नाही. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. चौघंही सगळा वेळ वाजवत असले की गाण्यात जत्रा भरते. स्टुडिओचं भाडं तासावर असतं, तिथं जाऊन 'इथं काय करूया रे' म्हणणं म्हणजे मीटर टाकून रिक्षात झोपणं.

टेंपो

मोबाइलवरचा मेट्रोनोम पुरतो. आण्णा गणपतीच्या मिरवणुकीत ताशा वाजवून तयार झालेला माणूस. क्लिक कानात दिल्यावर म्हणाला, "हे म्हणजे सरकारी नोकरी झाली की." यावर आमचा उपाय असा: टक-टक काढून टाका आणि त्या जागी खुळखुळ्यासारखा एखादा आवाज लावा, प्रत्येक ठोक्याला दोनदा. माणूस त्याच्याबरोबर वाजवतो, त्याच्या धाकात नाही.

दुसरं, टेंपो तालमीतल्या जोशावर ठरवू नका. आमचं दुसऱ्या गेटचं गाणं (बेळगावातल्या रेल्वेच्या दुसऱ्या फाटकावर अडकलेल्या माणसाचं) तालमीत मिनिटाला १३० ठोक्यांनी पळायचं. मामेबहिणीला शेवटची ओळ एका श्वासात येईना. १२२ वर आणलं, शब्द सुटे झाले आणि गंमत म्हणजे गाणं जास्त जड वाटायला लागलं. टेंपो गाणाऱ्याच्या श्वासावर ठरतो. ड्रमरला हे पटायला वेळ लागतो, त्याला तो द्या.

मागाच्या, म्हणजे कापड विणायच्या मागावरच्या, गाण्याला तो प्रश्न नव्हता. मी वडगावचा, आमच्या भिंतीपलीकडं पॉवरलूमचा शेड. लहानपणापासून झोपताना जो खडखडाट ऐकला तो एका रविवारी घड्याळ लावून मोजला, मिनिटाला ११२. गाणं त्यावरच बांधलं आणि सुरुवातीला खरा मागच ठेवला, शेजारच्या काकांना विचारून फोनवर रेकॉर्ड केलेला. सात मिनिटांचं गाणं, आमचं सगळ्यात लाडकं. वाट लागली ती याचीच.

ड्रम कुठं आणि कसे

अल्बममधलं सगळ्यात अवघड काम ड्रमचं. बाकी सगळं घरी होतं. ड्रमसाठी स्टुडिओ परवडत नसेल तर खोली शोधा. खोलीभर फिरत टाळ्या वाजवा. टाळीमागं टिणऽऽ असा शेपटा ऐकू आला की ती खोली सोडा. फरशी आणि प्लास्टरवाली नवीन घरं बहुतेक अशीच निघतात. आम्ही मामाच्या खानापूरकडच्या जुन्या घराचा सोपा (पुढची खोली) घेतला. मातीच्या जाड भिंती, सारवलेली जमीन, वर कौलं, एका बाजूला भाताची पोती. पोती आवाज पितात, ती हलवू नका. मामा हलवायला निघाले होते.

खरं एक लक्षात ठेवा, खानापूर तालुक्यात पाऊस सुरू झाला की कौलांवरचा आवाज प्रत्येक माईकमध्ये येतो, आणि तो दिवसचे दिवस थांबत नाही. ड्रम मेच्या आत उरका.

चार इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी) असला की चार माईक: एक किकला (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), एक स्नेअरला (मधला कडक आवाजाचा ड्रम), दोन वर. वरच्या दोघांना ओव्हरहेड म्हणतात, आणि ड्रमचा खरा आवाज त्यांच्यातच असतो. ते दोन्ही स्नेअरच्या मध्यापासून सारख्या अंतरावर पाहिजेत. आम्ही पहिल्या वेळी नजरेनं लावले. मी, जो कंपनीत मायक्रॉनवरून लोकांशी वाद घालतो, त्यानं 'बरोबर दिसतंय' म्हणून मान हलवली. हेडफोनवर मस्त वाटलं. दोन दिवस वाजवलं, वर गिटार आणि बेस चढवले. मग एकदा फोनच्या स्पीकरवर लावलं तर स्नेअर रिकाम्या डब्यासारखा. दोन्ही बाजू एकत्र झाल्या की आवाज पोकळ. जाऊन मोजलं तर एक माईक नऊ इंच लांब होता.

कारण सोपं आहे. आवाज एका मिलिसेकंदात साधारण साडेतेरा इंच जातो. नऊ इंचांचा उशीर म्हणजे मिलिसेकंदाचा दोन तृतीयांश, आणि तेवढ्या उशिरानं आलेल्या लाटा साडेसातशे हर्ट्झच्या आसपास एकमेकींना खाऊन टाकतात. स्नेअरच्या आवाजातला एक भाग तिथंही असतो. टेप मारून दोन मिनिटांत झालं असतं. आता आम्ही मागाचा सूत वापरतो. एक टोक आण्णा स्नेअरच्या मध्यावर बोटानं दाबतो, छत्तीस इंचांवर गाठ, ती गाठ दोन्ही माईकच्या तोंडाला टेकली पाहिजे. टेपपेक्षा सूत बरा, हवेत वाकत नाही.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा आणि सगळ्यात जोराचा फटका वजा १० डेसिबलच्या आसपास राहील एवढाच आवाज आत घ्या. लाल दिवा लागला की गाणं भारी होतं हा समज कॅसेटच्या काळातला. इथं ते फक्त फाटतं.

लाईट, अर्थिंग आणि वाकळ

आपल्याकडं शेजारी विजेच्या मोटारी चालतात, त्यामुळं गिटारमध्ये ५० हर्ट्झची घूं येतेच. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, बाकी सगळी उपकरणं एकाच बोर्डावर लावा, गिटारवाल्याला मोटारीपासून आणि ट्यूबलाइटपासून लांब, तिरकं उभं करा. बहुतेक घूं एवढ्यात जाते. प्लगची तिसरी पिन तोडून ती घालवणारे महाभाग मी पाहिलेत. तसं करू नका. ज्याचे हात तारांवर आणि ओठ माईकच्या जाळीवर असतात उपकरणात बिघाड झाला की त्याच्या अंगातून वीज जाते. सोप्यातली अर्थिंग नीट नव्हती, मामांनी वायरमन आणून करून घेतली. त्याचे पैसे अल्बमच्या खर्चात धरले, सगळ्यात बरे गेलेले पैसे तेच.

बेससाठी अँप लागत नाही, सरळ इंटरफेसमध्ये. गिटारच्या अँपसमोर एक साधा डायनॅमिक माईक, आमच्याकडं शुअरचा एसएम५७ होता. तो स्पीकरच्या मध्यावर रोखला की आवाज टोचतो, दोन इंच बाजूला सरकवला की बसतो. पेडलची बटणं फिरवण्याआधी हे दोन इंच करून बघा.

गाण्यासाठी फोमबिम आणायच्या नादाला लागू नका. घरातल्या वाकळी काढा. जुन्या लुगड्यांच्या सात-आठ थरांची वाकळ दोरीवर गाणाऱ्याच्या पाठीमागं टाका. पुढची भिंत माईकच्या मागं असते, तिथून आवाज कमी शिरतो. आजीच्या दोन वाकळींत आमचे सगळे आठ गळे झाले. माईकपासून एक वीत लांब, मध्ये पॉप फिल्टर.

आणि बोली बदलू नका. मामेबहीण माईकसमोर उभी राहिली की एकदम शाळेतलं मराठी काढायची. दुसऱ्या गेटच्या गाण्यात ओळ आहे, 'गेट पडलंय, खरं मी थांबलोय'. ती गायली 'पण मी थांबलोय'. अर्थ तोच, खरं 'पण' तोंड मिटून सुरू होतं, आणि १२२ च्या टेंपोला प्रत्येक वेळी तिथं माईकवर फट् व्हायचं. 'खरं' म्हटल्यावर फट् गेलं आणि 'रं' लांबवायला जागा मिळाली. मुद्दा अस्मितेचा नव्हता, माईकचा होता.

पहिला पीस कुठला

आता मूळ गोष्ट. आठपैकी एकच गाणं आधी घ्या आणि ते शेवटपर्यंत न्या: ड्रमपासून मिक्सपर्यंत (सगळ्यांचे आवाज एकत्र जुळवणं), अगदी मास्टरिंगपर्यंत (त्यावरचा शेवटचा हात). बाकी सात तोवर शिवायची नाहीत. आठही गाण्यांचे ड्रम, मग आठही गाण्यांचे बेस, अशी रीत आहे आणि माईक एकदाच लावावे लागतात म्हणून ती स्वस्तही पडते. खरं पहिल्या अल्बमला ती घातक. ओव्हरहेडची चूक आम्हाला आठही गाणी वाजवून झाल्यावर कळली असती तर अल्बम तिथंच संपला असता.

हा पहिला पीस मधल्या दर्जाचं गाणं असावं. लाडकं नको, त्याच्यावर सगळ्या चुका होतात आणि मग ते ऐकवत नाही. मागाचं गाणं आम्ही दुसऱ्यांदा वाजवलं खरं, पहिल्या वेळेचा जीव त्यात आला नाही, हे मला आजही ऐकू येतं. टाकाऊही नको, त्यावर कुणी मनापासून घाम गाळत नाही. आम्ही नंतर पावसाचं गाणं घेतलं. ते एकट्यानं पूर्ण केलं, त्यातून अठरा चुकांची यादी निघाली, ती सोप्याच्या खांबावर लावली, आणि मग बाकीची बॅच लावली. जे गाणं पुढं अल्बमच्या आधी एकटं सोडायचं असेल ते बॅचच्या मध्यावर घ्या, तिसरं किंवा चौथं. तोवर हात बसलेला असतो आणि कंटाळा आलेला नसतो.

सिंगल कोण ठरवणार

पहिलं रेकॉर्ड केलेलं गाणं आणि लोकांसमोर पहिलं सोडायचं गाणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. सिंगल म्हणजे अल्बमच्या आधी एकटं बाहेर जाणारं गाणं. ते बँडनं निवडू नये, निदान एकट्या बँडनं तरी नाही.

गिटारवाला मागाच्या गाण्यावर अडून बसला. त्याचं हत्यार एकच, क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. सहा मिनिटांना पाच सेकंद कमी, लांब आहे म्हणून लोकांनी नको म्हटलेलं, ३१ ऑक्टोबर १९७५ ला सिंगल म्हणून आलं, तीन आठवड्यांनी अल्बम, आणि इंग्लंडात नऊ आठवडे पहिल्या नंबरावर. सगळं खरं आहे. मी एवढंच म्हटलं, "बाबा, तो त्यांचा चौथा अल्बम होता." त्यांचं नाव ऐकून लोक थांबणार होते. आपल्यासाठी कोण थांबतंय? स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकल्याशिवाय एक ऐकणं मोजलं जात नाही, आणि आमच्या गाण्यात एकोणचाळीस सेकंद नुसता माग.

तेव्हा परीक्षा अशी घ्या. तीन गाण्यांचे कच्चे मिक्स फोनमध्ये टाका. फोनच्याच स्पीकरवर लावा, कारण बहुतेक लोक तिथंच ऐकणार. माझा बेस त्यात जवळजवळ गायब होतो, ते दुःख गिळा. 'आमचं गाणं आहे, ऐका' असं म्हणायचं नाही. तसं म्हटलं की सगळे 'छान आहे की' म्हणतात आणि चहा सांगतात. काम करणाऱ्या माणसांच्या आसपास नुसतं वाजू द्या. तीन वेगळ्या दिवशी, क्रम बदलून.

मी रात्रपाळीत लावलं, मशीन चालू असताना. पहिल्या दिवशी कुणी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गेटचं गाणं संपून पावसाचं सुरू झालं, तर पलीकडच्या सीएनसी मशीनवरचा बैलहोंगलकडचा ऑपरेटर हात पुसत आला आणि म्हणाला, "आ हाडु इन्नोम्मे हाक्री." ते गाणं परत लावा. मराठी त्याला कामापुरतं येतं. गेटवरच्या माणसाची कुचंबणा त्यातली किती कळली माहीत नाही, खरं कोरस त्यानं परत मागितला. तिसऱ्या दिवशी त्यानंच विचारलं, कुणाचं आहे हे. परत मागणं आणि कुणाचं म्हणून विचारणं, या दोनच गोष्टी मोजा. स्तुती मोजू नका.

३ मिनिटं ४० सेकंद, गळा अकराव्या सेकंदाला सुरू. तेच सिंगल झालं. लांब गाणं कापून सिंगल करायचा मोह आवरा. कापाकापी करायचीच असेल तर ती वाजवण्याआधी, प्रोसेस शीटवर करा.

मिक्स, मास्टर

यात मी मुरलेला नाही, म्हणून थोडक्यात. मिक्स हळू आवाजात करा, तासाभरानं कान धुवायला बाहेर या. मास्टर झालेल्या गाण्याचा आवाज इतरांपेक्षा मोठा पाहिजे हा हट्ट सोडा. स्पॉटिफाय सगळ्यांना साधारण वजा १४ एलयूएफएसच्या (आवाजाचा जोर मोजायचं माप) पातळीला आणून ठेवतं, म्हणजे दाबून दाबून मोठं केलेलं गाणं तिथं फक्त खाली ओढलं जातं, आणि दाबलेलं तेवढं उरतं. शिखर वजा १ डेसिबलला थांबवा. मास्टरिंग दुसऱ्याकडून करून घ्या, ज्यानं ते गाणं याआधी कधी ऐकलेलं नाही अशाकडून.

तारीख

जगभर नवीन गाणी शुक्रवारी येतात, २०१५ पासूनची पद्धत. सिंगल आणि अल्बममध्ये चार आठवडे ठेवा. गणपतीत काही सोडू नका. आपल्या शहरात विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, तुमचे ऐकणारे तिथं असतात आणि आमचा तर ड्रमरच तिथं असतो.

आणि १ नोव्हेंबर टाळा. बाहेरच्या वाचकांना सांगतो: त्या दिवशी बेळगावात एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते, दुसरीकडं मराठी माणसं काळा दिवस पाळतात. २०२४ ला तो नेमका शुक्रवारी आला, तोही ऐन दिवाळीत, आणि वितरकाच्या (आपलं गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी चढवणाऱ्या कंपनीच्या) वेबसाइटच्या कॅलेंडरवर तीच तारीख हिरवी दिसत होती. मी टिचकी मारणार होतो. आण्णानं हात धरला. गेटवर अडकलेल्या माणसाचं गाणं, त्या दिवशी सोडलं असतं तर दोन्हीकडच्या लोकांनी त्यात आपापलं गेट शोधलं असतं. १५ नोव्हेंबरला सिंगल, १३ डिसेंबरला अल्बम. शुक्रवार आणि तेरा तारीख म्हणून गिटारवाला खूश, मागाच्या गाण्याचं दुःख तेवढ्यानं थोडं हललं.

कागदपत्रं

गाणं कुणाचं किती, हे सिंगलच्या आधी कागदावर लिहून चौघांनी सह्या करा. मैत्री आहे तोवरच करा. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षरांचा आयएसआरसी कोड असतो, भारतातला आयएनने सुरू होतो, बहुतेक वितरक तो देतात. सिंगलचा कोड जपून ठेवा आणि अल्बम चढवताना त्याच गाण्याला तोच द्या, नाहीतर महिनाभरात जमलेले आकडे अल्बमवर शून्यापासून सुरू होतात. गाण्याची लांबी बदलली असेल तर मात्र नवा कोड लागतो. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेलचं, त्यावर बारीक अक्षरं नकोत. भाषेच्या रकान्यात मराठी निवडा, तो आपोआप काहीतरी दुसरंच धरतो. स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी पाठवायचं तर तारखेच्या निदान सात दिवस आधी, आम्ही तीन आठवडे आधी पाठवलं.

सगळ्या मूळ फायली दोन हार्डडिस्कवर, आणि त्या दोन वेगळ्या घरांत. आमची एक वडगावात, एक मामाकडं, भाताच्या पोत्यांपासून लांब. दुसऱ्या गेटच्या गाण्यातली आण्णाची मोजणी, 'ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु', कापायची राहून गेली होती. मास्टरिंगवाल्यानं विचारलं ठेवू का, मामेबहीण म्हणाली ठेव की.

आणि नाव. बँडचं नाव आधी शोधून बघा, तेच नाव कुणाचं आहे का. आम्ही बघितलं नाही. १५ तारखेला सकाळी गाणं आलं ते एका भजनी मंडळाच्या पानावर, त्यांच्या काकड आरतीच्या खाली. वितरकाला मेल केली, दोन्ही पानांच्या लिंक जोडल्या, चौथ्या दिवशी ते आमच्या पानावर आलं. मधल्या तीन दिवसांत ते दोनशेच्या वर लोकांनी ऐकलं होतं. त्यातले आमचे किती आणि काकड आरतीनंतर चुकून थांबलेले किती, यावर आण्णा आणि गिटारवाल्याची पैज लागलेली आहे, ती अजून मिटलेली नाही.